आठातला एक

मावशीचा गेल्या आठवड्यात फोन आला, "अगं, पोरीच्या त्या घोड्यांच्या कवायतीचं काय झालं? फोटो पाठवणार होतीस ना?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी हा प्रकार काय ते सांगते. इथे अमेरिकेत बऱ्याच गावांत पोरापोरींच्या घोड्यावरच्या ड्रिल टीम असतात. काउंटी फेअरमध्ये (आपली जत्राच ती!) किंवा रोडिओच्या सुरुवातीला झेंडे घेऊन, गाण्याच्या तालावर मैदानात आकृत्या करायच्या. शाळेतली लेझीम आठवा. फक्त प्रत्येकाच्या खाली पाचशे किलोचा एक जीव, आणि त्याला लेझमीची अजिबात हौस नाही. कॅनडाच्या पोलिसांची ३२ घोड्यांची म्युझिकल राइड आहे, तिचे व्हिडिओ बघून आमच्या बारा वर्षांच्या लेकीने हे खूळ घेतलं.

घोडा आमचा नाही. महिन्याच्या भाड्यावरचा, एकोणीस वर्षांचा, बिस्किट नावाचा. साताऱ्याच्या आबांना हे कळल्यावर ते म्हणाले, "म्हणजे बाळा, तू शिलेदार नव्हेस, बारगीर!" शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणार, बारगिराला घोडा सरकारच्या पागेतून मिळणार. कार्टीला तो शब्द इतका आवडला की हेल्मेटच्या आत मार्करने लिहून ठेवला.

मला वाटायचं, घोडा पळवता आला की झालं. कसलं काय! पळवणं सोपं, ओळीत ठेवणं कठीण. त्यांचं एक 'पिनव्हील' असतं, म्हणजे आपलं भिरभिरं. मधल्या बिंदूच्या एका बाजूला चार घोडे, दुसऱ्या बाजूला उलट तोंडाचे चार, रिकिबीला रिकीब लावून, आणि सगळं चाक एका सरळ रेषेत फिरलं पाहिजे. आता गणित बघा. आतला घोडा मध्यापासून दीड मीटरवर असला, तर एका फेरीत त्याला साडेनऊ मीटर चालायचंय. बाहेरचा सहा मीटरवर असला तर त्याला जवळजवळ अडतीस! म्हणजे आतला रेंगाळतोय आणि बाहेरचा धावतोय. म्हातारा म्हणून बिस्किटला आतली जागा. लेक दोन दिवस फुगली. मग तिला कळलं की आतला घोडा भरभर चालला तर बाहेरच्याच्या तोंडाला फेस येतो. चाकाचा वेग तिच्या हातात होता.

आणि ते 'सुईत दोरा'! दोन रांगा समोरासमोरच्या कोपऱ्यांतून तिरक्या येतात आणि एकाआड एक घोडा मधून पार होतो. घोडा साधारण अडीच मीटर लांब, फट त्याहून थोडी मोठी. मी कुंपणाशी डोळे मिटून उभी. तिला विचारलं, "फट दिसते कशी गं?" म्हणे, "फटीकडे बघायचंच नाही आई. समोरून जाणाऱ्याच्या शेपटीवर घोडा सोडायचा. आपण पोचेपर्यंत शेपूट गेलेली असते."

फेअरला नऊ दिवस होते. सॅक्रॅमेंटोच्या बाजूचा उन्हाळा, त्यामुळे सराव संध्याकाळी. घरी येताना गाडीत ती एकदम म्हणाली, "बिस्किट मान हलवतो." दुडक्या चालीत पुढचा दुखरा पाय टेकला की घोडा मान वर उचलतो, चांगला पाय टेकला की खाली सोडतो. तिने ते मोजलं होतं. बाहेरून कुणाला दिसलं नव्हतं, कारण चाकात आतली जागा, जवळजवळ पावलाचीच चाल.

एका पालकांचं म्हणणं पडलं की वेदनेचं औषध देऊन टाका, साडेतीन मिनिटांचा तर खेळ आहे. औषध काही बेकायदा नाही, सर्रास देतात. पण दुखणं कळेनासं झालेला घोडा तोच पाय जोरात टाकणार, तेही लहान वर्तुळात. ड्रिल जोड्यांची असते. एक घोडा गेला की जोडीदारीणही गेली, आठाचे सहा. आणि त्या मुलीची आजी ॲरिझोनाहून गाडी चालवत येणार होती, फक्त हे बघायला. लेकीने मला विचारलं, "सांगू का नको?" मी म्हटलं, तुला जे दिसलं ते खरं आहे ना? रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन प्रशिक्षक बाईंना सांगितलं. डॉक्टरांनी पाय वाकवून, पळवून पाहिलं. संधिवात. सरळ रस्त्यावर सावकाश रपेट चालेल, भिरभिरं बंद.

उरलेल्या सहा जणींनी आठ दिवसांत सगळं नव्याने बसवलं, प्रत्येकीची जागा बदलली. जोडीदारणीला सुरुवातीला एकटीने झेंडा घेऊन एक फेरी मारायला मिळाली. दांडा रिकिबीच्या कपात टेकवलेला, कापड फडफडतंय, आणि घोडी कानसुद्धा मागे करत नाही. पिशव्या फडफडवून महिनाभर सवय केली होती तिने. आबांना व्हिडिओ दाखवला तर त्यांना थेट वारीतलं रिंगण आठवलं. त्या आजी टाळ्या वाजवत होत्या, पण एका फेरीसाठी एवढं अंतर... असो.

लेक फाटकाशी उभी होती, फाटक उघडायचं काम तिला दिलेलं. सुईत दोऱ्याच्या वेळी तिचे ओठ हलत होते, आकडे मोजत होती. त्या वेळी कॅमेरा बाहेर काढायचा मला धीर झाला नाही.

जोडीदारीण अजून बोलत नाही. परवा ती खरारा शोधत होती, तेव्हा लेकीने आपला पुढे केला. तिने घेतला. परत मात्र केलेला नाही! नवीन घोड्याचं विचारलं तर लेक "बघू" म्हणते. शनिवारी कुरणात जाऊन बिस्किटला घासूनपुसून येते. मावशी, फोटो हवाच असेल तर त्याचा पाठवते. पोट सुटलंय त्याचं.