खापरच्या वाटेवरचे घोडे

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने गुजरातची हद्द ओलांडली की अक्कलकुवा तालुक्यातले खापर लागते. याच रस्त्याने पुढे शहाद्याकडे गेले, की तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी घोडे दूरदूरहून येतात. तेव्हा पहाटे थंडी, दुपारी ऊन. थंड मुलखातल्या घोड्याला उन्हाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याच्या घामातून माणसापेक्षा जास्त क्षार जातात. म्हणून भरपूर पाणी, मीठ, सावली द्यावी आणि मेहनत रोज थोडी वाढवावी. ट्रकमधून उतरवून लगेच शर्यतीत पळवणे हा जुलूमच. कुरआनातील ‘अल-आदियात’ ही सूरह धावत्या घोड्यांच्या शपथेने सुरू होते. मुके जनावर अल्लाहची अमानत आहे. तिचा हिशेब द्यायचा आहे.