१९५० सालचा कागद

बारावीचा निकाल लागला आणि घरी नेहमीचा प्रश्न उभा राहिला, "पुढे काय?" वडिलांच्या मते मी बी. कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्यावयाच्या होत्या. मी मात्र बी. एस. डब्ल्यू.चा, म्हणजे समाजकार्याच्या पदवीचा अर्ज भरून आलो. आत्या हसून म्हणाली, "अरे, समाजसेवेला कॉलेज कशाला लागतं? ती करायची असते." तिला उत्तर द्यावयाला मला जवळजवळ तीन वर्षे लागली. तीच हकीकत येथे सांगणार आहे.

मी शहापूर तालुक्यातला. आमच्याकडचे तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते आहे. पुढे भातसाही त्यात आले. तरीही एप्रिल-मे उजाडला, की आमच्याच पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. हे पाहत वाढल्यामुळे आपण काहीतरी करावे असे वाटे. त्यातला 'आपण' जरा जास्तच मोठा होता, हे तेव्हा कळत नव्हते.

१९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने संस्था निघाली आणि आपल्या देशात समाजकार्य हा रीतसर शिकण्याचा विषय झाला. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे शब्द आम्ही वर्गात पाठ केले. आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याचे. माझ्या वाट्याला मुरबाड तालुक्यातली एक कातकरी वाडी आली. किन्हवलीवरून सरळगावपर्यंत एस.टी., पुढे पायी.

खैरापासून कात काढणारे ते कातकरी. आता जंगल उरले नाही आणि कातही नाही. दिवाळी झाली, की वीटभट्टीच्या मालकाची उचल घ्यावयाची, घरदार बंद करून भट्टीवर जावयाचे, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढावयाचे आणि पावसाच्या तोंडावर परतावयाचे. हिशेबात पुष्कळदा उचल फिटलेलीच नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली, एवढे लिहून मी पेपरात चांगले गुण मिळविले होते.

वाडीतल्या एका बाबांचा मुलगा आश्रमशाळेत दहावीला होता. पुढे अकरावीसाठी आदिवासी वसतिगृहात राहावयाचे तर जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी घराण्याचा ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा हवा. ज्यांच्या आजोबांच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, जे शाळेची पायरी चढले नाहीत, त्यांनी तो कागद आणावा कोठून? बाबांचा चेहरा पाहून मी म्हणालो, "बाबा, तुम्ही काळजी करू नका. मी काढून देतो."

त्या दिवशीची डायरी मी मोठ्या उत्साहाने लिहिली. नंतर गॅदरिंग आले, परीक्षा आली. एकदा कचेरीत गेलो, कागद अपुरे म्हणून परत आलो, आणि पुन्हा गेलो नाही. मुलगा दहावी पास झाला. प्रवेशाची मुदत निघून गेली. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर वाडीवर गेलो तर सगळ्या कुडांची दारे बंद. एक म्हातारी अंगणात बसली होती. म्हणाली, "तो पण गेला रं दादा भट्टीवर."

जूनमध्ये बाबा भेटले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "तुझा काय दोष, दादा? आम्हीच तुझ्या भरवशावर राहिलो."

आमच्या मॅडमना मी सारे सांगितले. त्यांनी माझी जुनी डायरी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "यात 'मी' किती वेळा आला आहे ते मोज." एका पानावर अकरा वेळा आला होता.

त्यानंतर वाडीत बैठक बसली. या वेळी बोलणारे तेच होते. म्हाताऱ्यांनी आठवून आठवून वाडवडिलांची नावे सांगितली. बाबा आणि आणखी चौघेजण स्वतः कचेरीत गेले. मी मागे उभा. कोतवालबुकात १९५० पूर्वीची एक जन्मनोंद सापडली, मोडीत लिहिलेली. मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी ती वाचून दिली. जातीच्या जागी 'काथोडी' असे होते. अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत. बाबांच्या चुलत्याची ती नोंद! तिच्यावर भावकीतल्या तीन घरांचे अर्ज उभे राहिले. उरलेल्या घरांचा शोध अजून चालू आहे.

आत्याचे म्हणणे खोटे नव्हते; समाजसेवा करावयाचीच असते. पण दुसऱ्याचे काम आपल्या खिशात घालून निघून जाणे म्हणजे सेवा नव्हे, आणि कोठे पुढे व्हावे व कोठे मागे उभे राहावे हे शिकावे लागते. ते मी शिकलो, पण त्याची फी माझ्या वडिलांनी भरली नाही. ती त्या मुलाने भरली.

त्याचा दाखला आता हाती आला आहे. पण मध्ये वह्या सुटल्या त्या सुटल्याच. "आता शाळा नको," असे तो म्हणतो. बाबा त्याची समजूत घालीत आहेत. मी घालीत नाही. जवळ बसतो आणि विचारले तर सांगतो. येत्या जूनमध्ये तो काय करील ते त्याचे त्यानेच ठरवावयाचे आहे. दाखला मात्र त्यांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत आहे.

— तृतीय वर्ष, बी. एस. डब्ल्यू.