दोन मिलिमीटरचा चेहरा

१९७० आणि १९८० च्या दशकांत आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर, अत्तर आणि कॅमेरा बहुधा असायचाच. आमचे मरहूम अब्बाही कुवेतहून याशिका घेऊन आले होते. कोकणातल्या कितीतरी घरांचे निकाह, वलिमे, अकिके अशाच कॅमेऱ्यांनी टिपले. पुढे अल्बममधल्या प्रिंट दमट हवेने आणि वाळवीने खाल्ल्या. नेगेटिव्ह मात्र बिस्किटाच्या डब्यात, कागदात गुंडाळलेल्या राहिल्या. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असा एखादा डबा असेल.

आमच्या डब्यात १९७९ सालच्या एका वलिम्याची पट्टी होती. अंगणात उभ्या असलेल्या बायकांच्या घोळक्यात मोठी फुफी होती. पुढे दोन वर्षांनी तिचा इंतकाल झाला, तेव्हा तिची मुलगी सहा महिन्यांची होती. या बाजींनी आपल्या आईचा चेहरा कधी पाहिलेलाच नव्हता. दुसरा फोटो कोणाकडे नाही.

भाच्याने खिडकीच्या उजेडात मोबाइलने त्या नेगेटिव्हचा फोटो काढला, रंग उलटे केले आणि चेहरे 'स्वच्छ' करणाऱ्या एका ॲपमध्ये टाकला. क्षणात सुंदर, नितळ चेहरा आला. छोट्या फुफीने चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाली, "बेटा, ही कोणी दुसरीच आहे. आमची आपा नव्हे." तिचं बरोबर होतं. जिथे तपशील नसतो तिथे असे ॲप अंदाजाने डोळे, नाक, ओठ भरतात. बाजींच्या हातात आईच्या नावाने परक्या बाईचा चेहरा द्यायचा नव्हता. शिवाय आपल्या घरातल्या बायकांचे फोटो न जाणो कुठल्या सर्व्हरवर जावेत, हेही फुफीला मान्य नव्हतं. पट्टी ही अमानत होती. काम घरातच करायचं ठरलं. एका नातेवाइकांचा फिल्म धरणारा फ्लॅटबेड स्कॅनर मिळाला.

आधी एक तपासणी केली. नेगेटिव्ह उजेडावर धरून भिंगातून पाहिली. चित्र काढतानाच कॅमेरा हलला असेल, तर कितीही चांगला स्कॅनर तो दोष काढू शकत नाही. पण इथे साडीची किनार, दाराची कडी स्पष्ट होती. म्हणजे फिल्ममध्ये तपशील आहे, तो बाहेर काढणं एवढंच आपलं काम.

आता हिशेब पाहा. ३५ मिलिमीटर फिल्मवरचं चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचं असतं. त्यात मोठ्या फुफीचा चेहरा जेमतेम २ मिलिमीटर. २४०० डीपीआयला स्कॅन केलं तर त्या चेहऱ्याच्या वाट्याला साधारण १९० पिक्सेल येतात. तेवढे पुरतात, पण फोकस अचूक असेल तरच. स्कॅनरच्या खोक्यावर ४८०० किंवा ६४०० असे आकडे असले, तरी घरगुती फ्लॅटबेडमधून खरा तपशील त्याहून बराच कमी मिळतो. आकडा वाढवून फाइल फुगते, चेहरा उजळत नाही.

अशा बहुतेक स्कॅनरचा फोकस ठरलेला असतो, फिरवता येत नाही. फिल्म काचेपासून किती उंचीवर आहे, यावर सारं अवलंबून. ही उंची प्रत्येक यंत्रात थोडी वेगळी निघते. काही होल्डरना उंची बदलणारे पाय असतात. आमच्याला नव्हते. मग जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या चकत्या कापल्या. होल्डरच्या चारही कोपऱ्यांखाली आधी एक, मग दोन, मग तीन ठेवून तीच चौकट पुन्हा पुन्हा स्कॅन केली. पडद्यावर शंभर टक्के मोठं करून पाहायचं ते चेहऱ्याकडे नाही, फिल्मच्या दाण्याकडे. जिथे दाणा सर्वांत टोकदार दिसतो, ती उंची बरोबर. आमच्याकडे दोन चकत्या लागल्या.

दुसरा शत्रू म्हणजे फिल्मचा बाक. मधला भाग फुगला की कडा स्पष्ट आणि मध्य धूसर येतो. पट्टी स्वच्छ बटर पेपरमध्ये घालून जाड पुस्तकांखाली आठवडाभर ठेवली. गुळगुळीत काचेखाली फिल्म दाबली तर इंद्रधनुष्यासारखी वलयं उमटतात. त्यासाठी किंचित खरखरीत अशी खास काच मिळते. फिल्मची चकचकीत बाजू आपल्याकडे असताना कडेची अक्षरं सुलटी वाचता येतात. डावं-उजवं ओळखायची ही सोपी खूण.

धूळ हवेच्या रबरी फुग्याने उडवावी. रुमाल, ओला कापूस लावू नये आणि पट्टी फक्त कडांना धरावी. स्कॅनरमधली इन्फ्रारेडची धूळ काढण्याची सोय रंगीत नेगेटिव्हला उपयोगी आहे. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधली चांदी मात्र इन्फ्रारेडही अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजतं, म्हणून तिथे ती बंद ठेवावी. 'शार्पनिंग'ही स्कॅन करताना बंद ठेवावं. धूसर चित्रावर त्याने फक्त पांढऱ्या कडा उमटतात. शेवटी, गरज वाटली तर थोडंसं. मूळ फाइल टिफमध्ये जपावी आणि व्हॉट्सॲपसाठी वेगळी जेपीजी काढावी.

स्कॅनर नसेल आणि मॅक्रो लेन्सचा कॅमेरा असेल, तरी काम होतं. कॅमेरा स्टँडवर उलटा लावून खाली उजेडाची पाटी ठेवावी. फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवून पाहावं. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत. फोकस इथेही दाण्यावरच.

आमची प्रिंट तयार झाली. चेहरा ॲपच्या चेहऱ्याइतका नितळ नव्हता, दाणेदार होता. बाजींनी ती हातात घेतली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "अम्मी चमकी घालायची?" नाकाशी तीन-चार पिक्सेलचा एक उजळ ठिपका होता. ॲपने तो डाग समजून पुसून टाकला होता.

फुफी म्हणाली, "निकाहपासून घालायची. हीच ती आपा."

फोटोच्या जायज-नाजायजची चर्चा आपल्या घरांत जुनी आहे आणि ती आलिमांनीच करावी. मी इतकंच म्हणेन की ज्यांच्याकडे असे डबे आहेत, त्यांनी ते पावसाळ्याआधी उघडावेत, पट्ट्या सिलिका जेलसह कोरड्या जागी ठेवाव्यात. आणि स्कॅन झाल्यावर घरातल्या बुजुर्गांना शेजारी बसवून प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहून घ्यावं. फिल्म अजून काही वर्षं टिकेल. नावं सांगणारी माणसं थोडीच उरली आहेत. नावं कळली, की नमाजनंतर त्यांच्यासाठी हात उठवताना कोणासाठी दुआ मागतो आहोत, हे आपल्या मुलांनाही ठाऊक असेल.