आईचा अंगठा

"मावशी, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत की वो."

सेवा केंद्रातला मुलगा अगदी सहज बोलून गेला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तरी दोन वर्षं होत आली, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

आई सोलापूरची विडी कामगार. गिरणी बंद पडली, बाबा घरी बसले आणि पुढं घर आईच्या विड्यांवर चाललं. आमच्याकडं हे घरोघरी घडलंय, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. आता तिला 1995च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली पेन्शन मिळते, महिन्याला 1,200 रुपयांच्या आसपास. तिची औषधं त्यातूनच येतात. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन कागदावर सही केली की काम व्हायचं. 2014च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखला सुरू झाला आणि हळूहळू सहीच्या जागी बोट आलं.

त्या दिवशी मुलानं आधी डावा अंगठा ठेवायला सांगितला, मग उजवा, मग एकेक करत दहाही बोटं. प्रत्येक वेळी लाल दिवा. "साबणानं हात धुऊन या," म्हणाला. धुतले. "डोक्यावरनं बोट फिरवा, तेल लागलं की उमटतंय," म्हणाला. आईनं तेही केलं. मागं रांग वाढत होती. कुणीतरी "लवकर आवरा" म्हणालं आणि आईनं हात पदराखाली घेतला. चोरी सापडल्यासारखा. ते मी पाहिलं.

ठसे कुठं गेले, हे सांगायला यंत्र लागत नाही. तेंदूची पानं रात्री भिजवून ओल्या फडक्यात ठेवायची. सकाळी पानावर लोखंडी पत्रा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, अंगठा आणि तर्जनी यांच्यात घट्ट वळायचं, नखानं तोंड दुमडायचं आणि दोऱ्यानं बांधायचं. दिवसाला हजार विड्या. म्हणजे अंगठा पानावर हजार वेळा घासणार, तेही तीस-पस्तीस वर्षं. बोटावरची रेषा कुठं संपते, कुठं तिला फाटा फुटतो, एवढंच ते यंत्र बघतं. आईच्या अंगठ्यावर बघण्यासारखी रेषाच उरलेली नाही. काच पुसावी तसा तो गुळगुळीत आहे.

दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा यंत्र बदललं होतं. उत्तर तेच. तिसऱ्यांदा थेट बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी खातं उघडून बघितलं आणि म्हणाले, "सिस्टीम घेत नाही, आम्ही काय करणार?" आईनं टेबलावरचं पेन उचललं, एका कोऱ्या कागदावर स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं आणि तो कागद त्यांच्यापुढं सरकवला. "ही माझी सही. बघा की. मी बसलेय समोर." साहेब म्हणाले, "मावशी, सहीचं आता काही चालत नाही."

त्या सहीची किंमत त्यांना माहीत असणं शक्य नव्हतं. कारखान्याच्या पगारपत्रकावर आईच्या नावापुढं 'निशाणी डावा अंगठा' असायचं. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत संध्याकाळचे साक्षरता वर्ग सुरू झाले. दिवसभर विड्या वळून आई पाटी घेऊन तिथं बसायची. पुढच्या पगाराला कारकुनानं शाईचा पॅड पुढं केला, तेव्हा तिनं तो बाजूला सारला आणि पेन मागितलं. ही गोष्ट तिनं आम्हाला कितीदा सांगितली असेल, गणती नाही. अंगठ्यातून सुटले, असं ती म्हणायची. आणि म्हातारपणी पुन्हा तिच्याकडं अंगठाच मागितला. तोही उमटेना.

जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तीन महिने पेन्शन आली नाही. पैसे मी देत होतेच, पण लेकीचे पैसे घेताना तिचा हात आखडतो. ब्लडप्रेशरची गोळी ती एक दिवसाआड घेत होती, हे मला पाकिटात उरलेल्या गोळ्यांवरून कळलं. तेव्हा मी तिच्यावरच ओरडले. आजही त्याचं वाईट वाटतं.

नंतर वाचलं की पेन्शन आणि बोटांचे ठसे यांचा संबंध आपल्या देशात फार जुना आहे. 1877 साली बंगालच्या हुगळी जिल्ह्यात विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं पेन्शनरांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. मेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्यानं पैसे उचलू नयेत, हा त्याचा हेतू. हेतू तेव्हाही रास्त होता, आजही आहे. पण जिवंत बाई समोर बसून बोलतेय, लिहून दाखवतेय, तरी ती जिवंत आहे हे म्हणायचा अधिकार एकाही माणसाकडं राहू नये?

सुटका झाली ती शेजारच्या कॉलेजातल्या मुलीमुळं. ती म्हणाली, "काकू, चेहऱ्यावरून होतं की." तिनं माझ्याच फोनवर दोन ॲप घेतली, आईला दारात उजेडाला बसवलं आणि डोळे मिचकावायला सांगितले. मिनिटभरात दाखला गेला. पुढं पेन्शन आली, मागच्या तीन महिन्यांची बाकीही आली. ज्या यंत्रांना मी तीन महिने शिव्या देत होते, त्यांच्यातल्याच एकानं काम केलं, हे कबूल करायला हवं. आईला तर फोनचा राग नाहीच. रोज रात्री ती हैदराबादच्या नातीशी व्हिडिओवर बोलते आणि "किती चांगली सोय झाली गं" म्हणते. ते बघून मलाही बरं वाटतं.

पण चेहऱ्याची ही सोय 2021च्या नोव्हेंबरापासून होती. आम्ही तीन चकरा मारल्या, तेव्हाही होती. ना केंद्रात कुणी सांगितलं, ना बँकेत. हे आठवलं की राग पुन्हा वर येतो.

म्हणून सांगते. तुमच्या घरात विडी कामगार, बांधकामावरचे, शेतात राबलेले, भांडी घासून हात झिजलेले कुणी असतील, तर अंगठा उमटला नाही म्हणून परत फिरू नका. बुबुळावरून होतं, चेहऱ्यावरून होतं, पोस्टमनही घरी यंत्र घेऊन येतो. नाव घेऊन ती सोय मागा. आणि खिडकीपलीकडं बसणाऱ्यांनो, 'होत नाही' म्हणण्याआधी दुसरा रस्ता सांगा.

मी एका पतसंस्थेत नोकरी करते. रोज सकाळी हजेरीच्या यंत्रावर माझा अंगठा पहिल्याच वेळी उमटतो. मला आईनं एकही विडी वळू दिली नाही.