न लिहिलेल्या पुस्तकांची शिफारस

मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स' या अमेरिकी दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या १५ पुस्तकांची यादी छापून आली. त्यांपैकी १० पुस्तके कोणी लिहिलेलीच नव्हती. लेखक मात्र खरे होते. इसाबेल आयेंदे, अँडी विअर, पर्सिव्हल एव्हरेट अशी ती नावे. उरलेली पाच पुस्तके खरी होती, आणि त्यांत इयन मॅक्यूअन, फ्रान्स्वाज सागाँ, रे ब्रॅडबरी होते. या सज्जनांच्या शेजारामुळेच त्या दहा भुतांना घर मिळाले असावे.

यादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करवून घेतलेली होती. या घटनेवर हसून झाले, पण साहित्याच्या विद्यार्थ्याने तेवढ्यावर थांबू नये, असे आम्हांस वाटते. त्या खोट्या पुस्तकांचे परिचय वाचून पाहावेत. आयेंदे यांच्या नावावर टाकलेल्या कादंबरीत एक कुटुंब आहे, वाढता समुद्र आहे, पुरलेली गुपिते आहेत, आणि चवीपुरता जादुई वास्तववाद. विअर यांच्या नावावरच्या कादंबरीत तर एका संगणक-यंत्रणेला गुपचूप जाणीव फुटते आणि ती जगाचा कारभार हलवू लागते. (आपल्या कुळाची अशी भलामण यंत्राने करावी, यात आम्हांस तरी नवल वाटले नाही.) म्हणजे, यंत्राने या लेखकांविषयीची आपली सरसकट कल्पना तेवढी लिहून काढली. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून लेखक 'ठाऊक' असणारा वाचक जे सांगेल, नेमके तेच. पुस्तके खोटी, पण परीक्षणे आपल्या नेहमीच्या परीक्षणांसारखीच! आपल्या रविवार पुरवण्यांतील किती परिचय पुस्तक न वाचताही लिहिता आले असते, हा प्रश्न आम्हांस त्या यादीपेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

ती पुरवणी त्या दैनिकाच्या संपादकांनी सिद्ध केलेली नव्हती. वृत्तपत्रांना तयार मजकूर पुरविणाऱ्या एका संस्थेकडून ती आली होती आणि 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'मध्येही ती गेली. लिहिणाऱ्याने तपासले नाही, पुरविणाऱ्याने तपासले नाही, छापणाऱ्याने वाचले नाही. त्याच वर्षी मार्च महिन्यात सन-टाइम्सच्या सुमारे एक-पंचमांश कर्मचाऱ्यांनी मोबदला घेऊन नोकरी सोडली होती. तपासणारी खुर्ची रिकामी होत असताना यंत्र दारात आले, हा क्रम विसरता कामा नये. अर्थात भरलेल्या खुर्च्यांनीही सारे भागते असे नाही. जर्मनीच्या 'डेर श्पीगेल'कडे पडताळणीचा स्वतंत्र विभाग असूनही क्लास रेलोटिउस वर्षानुवर्षे रचलेली वार्तापत्रे देत राहिला, आणि २०१८ मध्ये त्याच्याच एका सहकाऱ्याच्या हट्टामुळे ते उघडकीस आले. त्याचे गद्य देखणे होते. देखणे गद्य तपासायला कोणाचा हात धजत नाही.

आमच्याकडे गतवर्षी एका विद्यार्थिनीने मर्ढेकरांवरील संदर्भग्रंथांची यादी आणली. तीतील एक समीक्षाग्रंथ शोधण्यात तिचे दोन दिवस ग्रंथालयात गेले होते. ग्रंथपालांनी नोंदवह्या चाळल्या, शेजारच्या महाविद्यालयात विचारले. पुस्तक मिळेना. तेव्हा ती आम्हांस म्हणाली, "सर, आपलं ग्रंथालय फारच अपुरं आहे." यादी यंत्राने दिलेली होती, आणि तसला ग्रंथ कधी निघालेलाच नव्हता. तिच्या आळसाविषयी बोलणे अन्यायाचे होईल. पुस्तक हाती घेण्यासाठी दोन दिवस खपणारी मुलगी आळशी कशी? पण छापील दिसणाऱ्या ओळीपेक्षा समोरचे कपाट तिला अविश्वसनीय वाटले. समीक्षकाचे नाव, प्रकाशन, वर्ष अशी मांडणी दिसली की ती खरीच असणार, हे आम्ही अध्यापकांनीच वर्षानुवर्षे मनावर बिंबवले आहे. संदर्भसूचीला गुण देतो, संदर्भ उघडून पाहिला का, याला देत नाही.

'माध्यमसाक्षरता' हा शब्द आजकाल कार्यशाळांतून फार ऐकू येतो, जणू ती संगणकाच्या खोलीत शिकवायची गोष्ट आहे. आम्हांस ती पाठचिकित्सेच्या तासालाच शिकवावीशी वाटते. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या घुसडू नयेत, म्हणून कडक इशारा देऊन ठेवला. ती ज्ञानेश्वरी १८४५ मध्ये शिळाप्रेसवर छापून काढणारे बाळशास्त्री जांभेकर म्हणजे १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे तेच बाळशास्त्री. आमच्या भाषेत वृत्तपत्र आणि पाठ या दोहोंची राखण सुरुवातीला एकाच माणसाकडे होती, हे वर्गात सांगितले की मुले सावरून बसतात.

त्याहून ती सावरून बसतात गणपतीच्या गोष्टीला. व्यासांनी सांगावे आणि गणपतीने लिहावे, ही कथा कोणाला प्रिय नाही? पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी ४७ वर्षे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर घालवली, आणि त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत ही कथा नाही. सुकथनकरांनी ती परिशिष्टात ठेवली. कथा सुंदर आहे, सर्वांना ठाऊक आहे, श्रद्धेची आहे. पण हस्तलिखितांचा आधार पुरेसा नाही. तिची निंदा नाही, तिला हाकलणेही नाही, फक्त तिची जागा सांगितली. बातमीच्या संपादकाला याहून निराळे काय करायचे असते, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे.

यंदा आम्ही नियम केला आहे. संदर्भसूचीतील प्रत्येक ग्रंथापुढे ग्रंथालयाचा दाखल क्रमांक लिहायचा आणि स्वतः वाचलेल्या एका पानावरचा मुद्दा आपल्या शब्दांत सांगायचा. सूच्या आखूड झाल्या. पस्तीस नोंदींच्या जागी सहा, कधी चार. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या पाहून विचारले, "एवढ्यावर एम. ए. होणार ही मुलं?" आम्ही त्यांना त्या चार पुस्तकांवर विद्यार्थ्यांना प्रश्न विचारण्यास बोलावले आहे. शुक्रवारी येतो म्हणाले आहेत.