हराझच्या कड्यावरचा दगडी तट

येमेनची राजधानी सना सोडून हुदैदा बंदराकडे जाणारा रस्ता चीनच्या मदतीने बांधलेला. अरबी द्वीपकल्पातले सर्वांत उंच शिखर, 3,666 मीटरचे जबल अन-नबी शुऐब, मागे पडले की तो हराझच्या डोंगरात शिरतो. मनाखा हे बाजाराचे गाव लागते आणि त्याच्या पश्चिमेला कड्याच्या टोकावर अल-हज्जरा. कडा कुठे संपला आणि घरे कुठे सुरू झाली हे लांबून चटकन कळत नाही, कारण दोन्हींचा दगड एकच. आपल्या सह्याद्रीसारखाच ज्वालामुखीतून आलेला, वयाने मात्र निम्म्याहून लहान. बाहेरच्या रांगेतली उंच घरे एकमेकांना खेटून उभी आहेत, तोच गावाचा तट. साहजिकच या गावाचे वर्णन लढाईच्या भाषेत होते. मला मात्र ते लढाईपेक्षा शेतीने घडवलेले वाटते.

पुरावा गावाखालच्या उतारावर आहे. चुना न वापरता रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या दरीपर्यंत उतरत जातात. त्यांवर ज्वारी, कॉफी आणि गात ही चघळायची उत्तेजक पाने पिकतात. एकेकाळी मोखा बंदरातून जगभर गेलेली कॉफी याच पश्चिमेकडच्या डोंगरांतून उतरत असे. इथे माती दगडाहून मोलाची. पाऊस तिला वाहून नेतो, माणूस बांध घालून अडवतो. मग घर बांधायचे कुठे? जिथे काहीच पिकत नाही अशा उघड्या खडकावर, आणि जागा पुरेना म्हणून आडवे न पसरता उभे. तळमजल्यावर जनावरे आणि धान्य, वर माणसे, सर्वांत वर पाहुण्यांची बैठक, मफरज. खिडक्याही वर जाल तशा मोठ्या होतात.

यावर कोणी म्हणेल, खाली भिंत जवळजवळ बंद आणि गावाला वेस एकच, हा बंदोबस्त शत्रूसाठीच नाही का? आहेच. पण शत्रू यायचा तो धान्य आणि पाणी यांसाठी, आणि बंद भिंतीआड ठेवले आहे तेही धान्यच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हराझ हा राजकारणाचाच डोंगर. 1047 मध्ये अली अस-सुलैहीने इथल्याच जबल मसारवरून इस्माइली सत्तेची उभारणी केली; 1872 नंतर तुर्कांनी मनाख्यात ठाणे वसवले. खरे आहे, पण दोघांनाही हा डोंगर हवा होता तो बंदर आणि सना यांमधली वाट ताब्यात राहावी म्हणून. सत्ता गेल्या, पायऱ्यांवरची पेरणी चालूच राहिली. इस्माइली धागाही तुटला नाही. जवळच्या हुतैबला 1199 मध्ये निवर्तलेले तिसरे दाई, म्हणजे पंथप्रमुख, हातिम यांची कबर आहे. मुंबई-गुजरातचे दाऊदी बोहरे तिथे जियारतीला जात आले आहेत.

म्हणून केवळ घरांच्या डागडुजीने अल-हज्जरा टिकेल असे मला वाटत नाही. बांध ढासळला की माती जाते, माती गेली की माणूस शहराकडे जातो, आणि रिकाम्या घराचे छप्पर फार पावसाळे काढत नाही. युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत 2002 मध्ये नोंद झाली ती या एका गावाची नाही, अख्ख्या जबल हराझची, आणि तेच योग्य आहे.