निर्णायक की चोरटा?

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा छायाचित्रसंग्रह १९५२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे फ्रेंच शीर्षक ‘इमाज आ ला सोव्हेत’. विनापरवाना माल मांडणारा आणि पोलीस दिसताच गाठोडे आवळून पसार होणारा फेरीवाला ज्या घाईने, ज्या चोरटेपणाने धंदा करतो, ती रीत या शब्दांतून सूचित होते. (महापालिकेची गाडी आली की मुंबईच्या पदपथावर जी धांदल उडते, तिलाही हे शब्द लागू पडावेत.) इंग्रजी आवृत्तीने मात्र ग्रंथारंभीच्या, सतराव्या शतकातील एका अवतरणातून ‘निर्णायक क्षण’ घेतला आणि समीक्षेत तोच रूढ झाला. या शीर्षकबदलाने छायाचित्रकाराला फेरीवाल्यांच्या ओळीतून उठवून द्रष्ट्याच्या आसनावर बसवले. हे नुकसानच म्हणावे लागेल.

सें-लाझार स्थानकामागचे १९३२ मधील छायाचित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी घेतो आहे. टाच पाण्याला टेकणार, पण टेकलेली नाही. मागच्या भित्तिपत्रकावरची नर्तकीही झेपेत आहे, उलट दिशेला. ही प्रतिमा कुंपणाच्या फळ्यांमधल्या फटीतून टिपलेली आहे, आणि काटछाटीला एरवी ठाम विरोध असणाऱ्या या कलावंताला तिची कड कापावी लागली. म्हणजे तिची प्रसिद्ध ‘परिपूर्णता’ काही अंशी कात्रीची आहे. कृष्णधवलतेचे कार्य इथे नेमके दिसते. माणूस आणि त्याचे प्रतिबिंब एकाच काळ्या द्रव्याचे होतात, पाणी आकाशाचे होते, भित्तिपत्रक जाहिरात न राहता आकृतिबंधातला प्रतिसाद होते. कोटाचा रंग दिसता तर तो कोणाचा तरी कोट ठरला असता. अनामिकता ही इथे सौंदर्याची अट आहे आणि तिची किंमत त्या माणसाने मोजली आहे. पुढच्याच क्षणी त्याचा बूट भिजला असणार.

१९६६ मध्ये जयपूरला कार्तिए-ब्रेसाँ यांना काम करताना पाहिलेल्या रघुबीर सिंग यांनी त्यांची रस्त्यावरची चपळाई घेतली, पण रंगत्याग नाकारला. कृष्णधवल ही पाश्चात्त्य जाणीव, भारतीय दृष्टी रंगातच पाहते, अशी भूमिका त्यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) मध्ये मांडली. संस्कृतीच्या नावाने केलेले हे विधान फारच व्यापक आहे. रघु राय यांचे चर्चगेट स्थानकाचे १९९५ मधील कृष्णधवल छायाचित्र त्याला पुरेसे उत्तर ठरावे. त्यात लोकलचे प्रवासी धुरासारखे विरघळले आहेत, आणि त्यांच्यामध्ये वर्तमानपत्र वाचत बसलेली माणसे तेवढी स्पष्ट उरली आहेत. तिथे क्षण वेचलेलाच नाही. शटर उघडे असेतोवर जो हलला नाही, तो दिसतो.